ओल्या काडाचं वजन

मी हुकाचा काटा बोलतोय. हो, तोच, दारातल्या आडव्या बांबूला लटकवलेला. जरा हळूच बोलतो, कारण वहिनी आत मशरूमची तोडणी करतायत आणि सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

आधी मी एका रद्दीवाल्याकडे होतो. नऊ वर्षं गठ्ठे तोलले, कसला घोर नाही. त्यानं दुकान गुंडाळलं आणि भाऊजींनी मला घरी आणलं. भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. वहिनी त्यांना जी हाक मारतात, तीच मीही मारतो.

वहिनींचे यजमान तीन वर्षं लांबच्या सिमेंट कारखान्यात आहेत. वर्षातून दोनदा येतात, आणि दोन दिवस मुलगी त्यांच्याशी पाहुण्यासारखी वागते. रुळते तोवर त्यांची निघायची वेळ होते. म्हणून मागच्या खोलीत मशरूमचा घाट घातला. एका खेपेला दोनशे किलो निघाले, तर त्यांनी नोकरी सोडून घरी यायचं, असं ठरलं होतं.

गव्हाचं काड भिजवलं, गरम पाण्यातून काढलं, निथळलं. पिशवीत एक थर काडाचा, एक बियाण्याचा, असे पन्नास बेड भरले. प्रत्येक बेड माझ्या हुकाला लागला. आठ किलो. पुन्हा आठ. माझ्याखाली फरशीवर थारोळं साचलं होतं, पण त्याकडे बघतो कोण!

भाऊजींनी दारामागे पेन्सिलीनं गणित मांडलं. "वहिनी, प्रशिक्षणात बाई काय म्हणाल्या? शंभर किलो काडाला साठ किलो मशरूम. आपलं काड किती? चारशे. म्हणजे?"

"दोनशे चाळीस!" वहिनींनी तोंडावर हात ठेवला. "भाऊजी, परत मांडा हो."

त्यांनी तीनदा मांडलं. तीनदा तेच आलं. काड एवढं जड नसतं, हे मला मात्र कळत होतं. पण कोरडं असताना ते कुणी माझ्याकडे आणलंच नव्हतं, आणि मला तोंड असलं तरी त्यावर नुसते आकडे आहेत.

त्याच संध्याकाळी फोन गेला. "अहो, या महिनाअखेर राजीनामा देऊन टाका. आता पुरे झालं ते."

पुढचे अठरा दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. बेड पांढरेशुभ्र झाले, वहिनी गुणगुणत पाणी फवारायच्या आणि मी दारात लटकून दिवस मोजायचो. अखेर महिन्याच्या शेवटच्या सकाळी वहिनींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी एक बेड सहज मला टांगला. सात किलो.

"भाऊजी, हा एक किलोनं उतरला कसा?"

"पाणी उडालं असेल."

"म्हणजे आपण पाणी तोललं?" वहिनींचा आवाज बारीक झाला. "बाई शंभर किलो काड म्हणाल्या, ते ओलं का कोरडं?"

भाऊजींनी प्रशिक्षणाचा कागद शोधून आणला. त्यात कोरडं लिहिलं होतं, तेव्हा त्यांनी कोपऱ्यातलं उरलेलं कोरडं काड मला टांगलं. एक किलो. तेच भिजवून, निथळून पुन्हा टांगलं. चार किलो. म्हणजे आमचं खरं काड शंभरच किलो, आणि मशरूम साठ. भाऊजींनी दारामागचं गणित हातानं पुसलं. "वहिनी, मी गाढव आहे," म्हणाले.

वहिनींनी तिथूनच फोन लावला. "राजीनामा दिलात?"

"खिशात आहे. दुपारी साहेब आले की देतो."

"देऊ नका." मग त्यांनी सगळं सांगितलं, एका दमात, न रडता.

पलीकडून ते म्हणाले, "बरं. वळकटी बांधली होती. सोडतो."

त्यानंतर दुसरी खेप लागली आहे. आता काड कोरडं असतानाच माझ्याकडे येतं, भाऊजी दोनदा बघून लिहितात. नफा होतोय, नाही असं नाही, पण माणूस घरी आणण्याइतका नाही. त्यासाठी तिपटीहून जास्त बेड हवेत, आणि तेवढी जागा नाही.

रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. हल्ली ख्यालीखुशालीच्या आधी विचारतात, "आज काटा काय म्हणतो?" वहिनी माझ्याकडे बघतात. तेरवा मी साडेतीन किलो मशरूम म्हणालो, परवा साडेतीन, काल जेमतेम तीन. आणि त्या म्हणतात, "वाढतोय हो, रोज थोडा थोडा वाढतोय."

मी आयुष्यभर कुणाला ग्रॅमभर फसवलं नाही. तरी तुम्हाला हात जोडून सांगतो, ते तुम्हाला कुठे भेटलेच, तर माझा खरा आकडा त्यांना सांगू नका.