दुसऱ्या रांगेतला हसरा प्रेक्षक

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. पण चौकातला नव्हे. माझी जयंती नसते, मला कोणी हार घालत नाही आणि माझ्यावर आजवर एकही कावळा बसलेला नाही. मी कपड्यांच्या दुकानातला पुतळा.

माझा जन्म कुर्ल्याच्या एका कारखान्यात झाला. एकाच साच्यातून आम्ही अकरा भाऊ बाहेर पडलो. अंगाने सगळे सारखे, पण चेहरे रंगवणाऱ्या दशरथकाकांचा माझ्यावर जरा जास्तच जीव जडला. वरचे सहा दात दिसतील असं हसू त्यांनी मला काढून दिलं. "गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, हा शर्ट घातला की आपणपण असेच खूश," असं ते म्हणाले.

बोरिवलीत केतनशेठच्या दुकानात मी सतरा वर्षं काचेआड उभा राहिलो. दिवाळीला कुर्ता, लग्नसराईत सूट, एरवी जे खपत नसेल ते. येणारीजाणारी माणसं थांबून म्हणत, "काय गोड हसतोय बघ!" लहान मुलं माझा हात ओढत. त्यात माझी दोन बोटं गेली, पण तक्रार नाही.

मग बाजारात डोकं नसलेले पुतळे आले. केतनशेठ म्हणाले, "आता फॅशन तशी आहे." इतकी वर्षं ज्या चेहऱ्याचं कौतुक झालं, तो आहे म्हणूनच मला माळ्यावर टाकलं. चार वर्षं मी आडवा पडून छताकडे पाहत हसत होतो. छतावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

तिथून मला काढलं ते एका सिनेमाने. 'नवव्या आकड्यावर' हे त्याचं नाव. त्यातला रघू नावाचा बॉक्सर ठोसा खाऊन पडतो, पंच आकडे मोजतो, नऊ म्हणताच रघू उठतो, लढत जिंकतो आणि आपल्या कोपऱ्यात परत येऊन मरतो. रघूचं काम करणारा किरण मानखुर्दचा. तो खरोखर बॉक्सिंग खेळलेला होता, आणि या एका कामासाठी त्याने दीड वर्ष दुसरं काही केलं नव्हतं.

शूटिंग चारकोपच्या एका रिकाम्या गाळ्यात होतं. गोष्टीत प्रेक्षक पाच हजार, प्रत्यक्षात आलेले साठ. उरलेली गर्दी म्हणजे आम्ही, ठिकठिकाणच्या माळ्यांवरून गोळा केलेले पुतळे. मागच्या रांगांमध्ये, धुरात, आम्हाला दाटीवाटीने उभं केलं होतं.

मरणाच्या प्रसंगाच्या दिवशी दुसऱ्या रांगेतल्या एका माणसाचं पोट बिघडलं आणि तो घरी गेला. सेटची मांडणी बघणारी संघमित्रा मला उचलून पुढे घेऊन आली. "सुयोग, हा चालेल का रे? दात दिसतायत त्याचे."

सुयोग म्हणजे दिग्दर्शक. कॅमेऱ्यातून डोकं न काढताच तो म्हणाला, "कोणालाही उभा कर गं. प्रेक्षकांकडे कोण बघतंय?"

मित्रांनो, मी किरणपासून आठ फुटांवर होतो. तो स्टुलावर बसला, काहीतरी बोलायला गेला, आणि बोलणं अर्धवट ठेवून बाजूला कलंडला. "कट" म्हटल्यावरही गाळ्यात कोणी हललं नाही. संघमित्रा खांबाआड डोळे पुसत होती. असं काम पुन्हा होत नसतं. म्हणून पुढे संकलनात मी मागे हसताना दिसलो, तरी सुयोगने तोच शॉट ठेवला.

ट्रेलर आला आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यातल्या माझ्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढून तो फोटो मोबाईलवर सोडला. मग लोक त्याखाली ओळी लिहू लागले. 'सासरे आयसीयूत, जावई दुसऱ्या रांगेत.' 'बॉसची गाडी टो झाली तेव्हा मी.' आठवड्याभरात मी राज्यभर पोचलो. किरणचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. तो माझ्या पुढ्यात मरणारा माणूस होता.

सिनेमा लागला, पण लोक मोबाईलवर मला फुकट पाहत होते. पहिला रविवार गेला, सोमवारी हॉलमध्ये नऊ जण. मुलुंडच्या एका थिएटरात दुपारचा एकच खेळ उरला. सुयोगने मला उचलून तिथल्या लॉबीत आणलं.

"किरण, एक रील करू. तू पड, हा हसेल. लोक बघायला येतील."

"यार, माझा सीन आहे तो. त्याचीच मस्करी करू?"

"सीन दाखवायला सिनेमा तर राहिला पाहिजे ना! हॉल भरला नाही तर शुक्रवारी उतरवतायत."

किरणची आई शांताबाई घाटकोपरच्या एका इस्पितळात आया. पहिल्या रविवारी तिला बदलीची ड्यूटी लागली होती, त्यामुळे तिचा सिनेमा बघायचा राहिला होता. "आईला आता रविवारीच सुट्टी आहे," तो म्हणाला.

"मग पड."

तो पडला. पहिल्यांदा तो खरा पडला, त्यामुळे मोबाईल धरलेला माणूस हसेना. "जरा कमी मर," सुयोग म्हणाला. सातव्या वेळी जमलं.

रील झकास चाललं. शुक्रवारी सिनेमा उतरला नाही. शनिवारी हॉल भरला. लोक आधी माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत आणि मग आत जात. किरण दोन पावलांवर उभा असे. त्याला ते फोन देत आणि म्हणत, "दादा, एक काढा ना आमचा." तो काढून देई. ठरलेल्या वेळी बंद दारामागून हसण्याचा गडगडाट येई, आणि किरण पाणी प्यायला जाई.

रविवारी शांताबाई आली, ठेवणीतलं पांढरं पातळ नेसून. तिचा फोन बटणांचा. रीलबद्दल तिला काही ठाऊक नव्हतं.

"हा कोण रे?"

"आमच्या सिनेमातला आहे."

"बरा दिसतो. तू नाही येत आत?"

"तू बघ. मी आहे इथंच."

दोन तास आम्ही दोघं लॉबीत उभे होतो. मग तो प्रसंग आला. आत हसण्याची लाट उठली, शिट्ट्या वाजल्या. आणि त्या सगळ्यावरून एका बाईचा आवाज आला, "गप बसा रे! पोरगं मरतंय तिथं, दिसत नाही का?"

हसू मध्येच तुटलं. एवढी शांतता झाली की रघूचा अर्धवट राहिलेला शब्द दाराबाहेर आला. किरणने तो लोकांमध्ये पहिल्यांदाच ऐकला. त्याने माझा हात धरला होता.

खेळ सुटला. लोक खाली बघत निघून गेले, माझ्यापाशी कोणी थांबलं नाही. शांताबाई सगळ्यांत शेवटी आली.

"त्यात हसण्यासारखं काय होतं रे?"

"मीच हसवलंय त्यांना, आई. इथे पडून दाखवलं, तुला सिनेमा बघायला मिळावा म्हणून."

"पडताना लागलं का?"

"नाही."

"खोटं नको बोलू."

"कोपर. सातव्यांदा."

तिने त्याचं कोपर चाचपलं, तिथेच धरलं, आणि दोघं जिना उतरून गेले.

पुढच्या शुक्रवारी सिनेमा उतरला. मी अजून इथेच आहे, थिएटरच्या पार्किंगमध्ये, मोडक्या खुर्च्यांसोबत. इथे दिवसभर कोणी येत नाही.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. एवढीच विनंती आहे. पडद्यावर असो की रस्त्यावर, कोणी पडलं तर आधी त्याच्याकडे बघा. मी त्या दिवशी पाहिलं, पण माझा चेहरा दुसऱ्याने रंगवलेला होता. तुमचा तसा नाही.