घोट्याचं वार्षिक भाषण

लष्करी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाकडे तीन निवृत्त जनरल होते, एक माजी मंत्री होता आणि एक घोटा होता. नव्या पदवीधरांना धीर द्यायची वेळ आली की जनरल पहिल्या रांगेत बसत, मंत्री उशिरा येत आणि भाषणाला घोट्याला उभं करत.

घोटा हे त्याचं टोपणनाव. महाविद्यालयाच्या शेवटच्या दौडीत घोट्याचं हाड मोडलेलं असताना तो रेषेपर्यंत पळत गेला, ही त्याची कीर्ती. पुढे थोड्याच वर्षांत सैन्यानं त्याच पायाकडे बोट दाखवून त्याला कॅप्टनच्या हुद्द्यावर घरी पाठवलं, हा कीर्तीचा उत्तरार्ध. तो भाषणात नसे. मग तो विमा कंपनीत लागला. अपघातात सापडलेल्या माणसाचं हाड किती टक्के कामातून गेलं, हे तपासून ठरवायचं, ही नोकरी. माणूस दारातून आत येऊन खुर्चीत बसेपर्यंत घोट्याचा आकडा मनात तयार असे.

भाषण सुरुवातीला साधंच होतं. मग संघाच्या चिटणीसांनी त्यात लक्ष घातलं. हे निवृत्त ब्रिगेडिअर. आवाजामुळे सगळे त्यांना बिगुल म्हणत. एका वर्षी त्यांनी दौडीत पाऊस घातला. पुढच्या वर्षी ओघानंच चिखल आला. त्यानंतर घोट्याच्या खांद्यावर एक बेशुद्ध सोबती आला, आणि तो इतका छान वठला की जेवणाच्या वेळी एक गृहस्थ येऊन ‘तो मीच’ असं सांगून, डोळे पुसून गेले. “दुखणं पायात नसतं, डोक्यात असतं,” हे शेवटचं टाळीचं वाक्यही बिगुलांचंच. घोट्याची बायको ते घरी आल्यावर रात्री वापरत असे. “अहो, मग मलम डोक्यालाच लावा ना,” ती म्हणे, “चादरी तरी वाचतील.”

यंदा डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की सांधा संपला. आता हाडं स्क्रूनं जोडायची, म्हणजे दुखणार नाही आणि वळणारही नाही. घोट्यानं ठरवलं, यंदा उत्तरार्धासकट बोलायचं. बायको म्हणाली, जरूर बोला, फक्त जेवण झाल्यावर बोला.

इथे खुर्चीबद्दल सांगायला हवं. महाविद्यालयाची ती जुनी रीत. शेवटच्या दौडीत, मुलं अगदी मोडकळीला येतात त्या वळणावर, माजी विद्यार्थी एक खुर्ची टाकून उभे राहतात. शेजारी चहाची किटली, कोरडा टॉवेल. येणाऱ्याला मायेनं म्हणायचं, “बस बाळा, पुष्कळ झालं. कोणी काही म्हणणार नाही.” जो बसला त्याची ट्रंक संध्याकाळी फाटकाबाहेर. न बसणाऱ्यानं ओरडून म्हणायचं, “बसणार नाही.” संघाच्या कागदोपत्री या कार्यक्रमाचं नाव प्रोत्साहन असं आहे. त्यातून तयार झालेले अधिकारी पुढे आयुष्यभर प्रेमानं बोलणाऱ्या माणसाकडे संशयानं बघतात. काहींच्या संसारांचं त्यापायी वाटोळं झालं, पण ते संघाच्या कक्षेत येत नाही.

समारंभाच्या आधी घोटा कोट टांगायच्या खोलीत पाय मोकळा करत उभा होता. एक नवी लेफ्टनंट आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं. वर्गात तिला टाचणी म्हणत: किरकोळ, ताठ आणि टोकदार. तिनं आधी सलाम केला, मग विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढला. नडगीवर सूज होती. पुढच्या आठवड्यात डोंगरातलं खडतर प्रशिक्षण सुरू होत होतं. त्यात जागा मिळालेली तिच्या तुकडीतली ती एकटीच मुलगी. घरी शिवणकाम करणारी आई होती आणि तिनं गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. टाचणीनं विचारलं, एवढ्यावर जाता येईल का? तुम्ही गेलात, म्हणून तुम्हालाच विचारते.

घोट्यानं खाली वाकून अंगठ्यानं हाड चाचपलं. ती हूं की चूं करेना, पण तिनं आधाराला धरलेली कोटाची खुंटी भिंतीत करकरली. हाडाला चीर होती. अशी हाडं त्यानं आयुष्यभर पाहिली होती. ही अजून सांधणारी होती.

तो तिथेच सगळं बोलून गेला. उद्या सकाळी डॉक्टर गाठ. प्रशिक्षण पुढच्या खेपेला मिळेल, पाय मिळणार नाही. त्या दिवशी पाऊस नव्हता, चिखल नव्हता, खांद्यावर तर कुत्रंसुद्धा नव्हतं. आणि दुखत होतं ते पायातच.

टाचणीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विजार खाली केली, टाचा जुळवल्या आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

“कळलं सर,” ती म्हणाली. “बसणार नाही.”

घोट्याला क्षणभर अर्थच लागेना. “अगं, ही खुर्ची नाहीये. खरं सांगतोय मी.”

“खुर्चीवालेही हेच म्हणाले होते सर,” असं म्हणून ती सलाम ठोकून बाहेर गेली. लंगडली नाही. त्याला तेच वाईट वाटलं.

व्यासपीठावर त्यानं जेवणाची वाट पाहिली नाही. माइक हातात घेतला आणि उत्तरार्धापासूनच सुरुवात केली. सैन्यातून कसं काढलं, बिछान्यात कूस बदलताना काय होतं, बिगुलांनी कुठल्या वर्षी काय घातलं, सगळं. शेवटी म्हणाला, “तुमच्यापैकी कोणाला दुखत असेल तर थांबा. कोणी काही म्हणणार नाही.”

जनरलांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात बिगुलांनी मांडीवर थाप मारली. “अरे, यानं खुर्ची टाकली,” ते आनंदानं म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा की शेवटच्या रांगेला माइक लागला नाही. पुढच्याच क्षणी सगळी नवी तुकडी उभी राहिली आणि छताला हादरे बसतील अशा आवाजात ओरडली, “बसणार नाही.” टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्री नेमके तेव्हाच आले आणि टाळ्या आपल्यासाठी आहेत असं समजून त्यांनी हात जोडले.

जेवताना घोट्यानं बिगुलांना बाजूला घेतलं. त्या मुलीच्या नडगीला चीर आहे, तिला थांबवा, तुमचं ऐकेल ती.

“चीर आहे?” बिगुलांनी दूरवर ताठ उभ्या असलेल्या टाचणीकडे पाहिलं. “आणि सूप उभ्यानं पितेय पोर. घोट्या, आपली परंपरा जिवंत आहे रे.” मग त्यांनी लगेच कर्तव्य म्हणून तिचा नंबर संघाच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये घातला. रात्रीपर्यंत तिला शुभेच्छांचे दोनशेवर निरोप गेले. बहुतेकांत वाघ होता.

दुसऱ्या दिवशी घोट्यानं प्रशिक्षण केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. तेही याच महाविद्यालयाचे. सगळं ऐकून ते हसले. “काय सर, आता मलाही पारखताय?”

पुढच्या वर्षी निमंत्रण आलं, त्यात भाषण नव्हतं. आता तुम्ही आराम करा, असं बिगुलांनी प्रेमानं कळवलं होतं. घोटा गेला. त्याचा पाय आता स्क्रूंवर होता. दुखत नव्हता, वळतही नव्हता. बायको शेजारी बसली.

भाषणाला टाचणी उभी राहिली. डोंगरात तिची नडगी उभी चिरली होती. सैन्यानं तिला नियमाप्रमाणे घरी पाठवलं आणि संघानं, परंपरेला जागून, तिला कार्यालयात फोन घ्यायला ठेवलं. काठी टेकत ती तीन पायऱ्या चढली तेवढ्यात घोट्याच्या मनात टक्क्यांचा आकडा तयार झाला. त्याला तो नको होता.

तिच्या भाषणातल्या डोंगरावर पहिल्याच वर्षी बर्फ पडायला लागला होता. बिगुल अलीकडे भराभर काम करत. नवी मुलं श्वास रोखून ऐकत होती. मग ती कोटांच्या खोलीपाशी आली. तिथे एका ज्येष्ठांनी मला डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं, ती म्हणाली, इतकं खरं वाटेल असं, की मी डळमळले होते. ते आज इथे आहेत.

एवढ्यावर टाळ्या आल्या असत्या. पण तिनं हात वर करून त्या थांबवल्या, आणि कागदात नसलेलं काहीतरी विचारलं.

“सर, तुम्ही पारखतच होतात ना?”

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. बायकोनं हळूच म्हटलं, “अहो, खरं सांगा.” टाचणी हसत नव्हती. काठीवर दोन्ही हात ठेवून ती उत्तराची वाट बघत होती. गल्लीला, आईला आणि स्वतःला द्यायला तिच्यापाशी एवढीच एक गोष्ट उरली होती, आणि ती खरी आहे की नाही हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता.

घोटा उठला. त्याला उठायला वेळ लागला.

“पारखत होतो,” तो म्हणाला. “तू जिंकलीस.”

ती खोल श्वास घेऊन पुढे बोलू लागली. बायको दुसरीकडे बघत राहिली. बिगुलांनी रुमालानं डोळे टिपले आणि शेजारच्या जनरलांच्या कानाला लागून म्हणाले, हा प्रश्नोत्तराचा भाग फार चांगला झाला, पुढच्या वर्षीही ठेवू.