पिवळ्या घोड्याची स्तुती

तिबेटातल्या अम्दोच्या माळावर भोंगा खरखरत होता. चुलीवरचा लोणीचहा उतू गेला. वाऱ्यानं कुणाची तरी टोपी उडवली.

शर्यतीआधी रिवाजाप्रमाणे थरग्याल आपल्या घोड्याची स्तुती गायला उभा राहिला, तर पंचानं सगळ्या घोड्यांसाठी मिळून स्तुतीची एकच रेकॉर्ड लावली.

"काका, बसा आता. वेळ वाचला."

"वेळ? लग्नात नवरीऐवजी तिचा फोटो आणला होतास काय रे?" थरग्याल कडाडला. "त्या रेकॉर्डमधला घोडा काळा, माझा पिवळा! दुसऱ्याचं कौतुक ऐकून हा पळेल?"

"काका, बाजूला व्हा!" पंच ओरडला.

त्यानं सुरुवातीच्या रेषेवर घोडा आडवा घातला आणि तिथंच संतापानं गाऊ लागला. कुणालाच घोडा सोडता येईना.

हा घोडा शिंगरू असताना त्याची आई हिमवादळात मेली होती; तेव्हापासून थरग्यालनंच त्याला हीच स्तुती गात वाढवलं होतं.