रागाचा हात काचेला नको

काचेच्या त्या दुकानात बाबांचा एकच नियम होता. रागाचा हात काचेला लावायचा नाही. मन थरथरलं की रेघ थरथरते आणि मग काच आपल्या मर्जीने फुटते, असं ते म्हणायचे. म्हणून कापायच्या टेबलाशी कुणीही आलं की ते आधी विचारायचे, "राग आहे का?" असेल तर कटर ठेवायचा आणि फडकं घेऊन काचा पुसत बसायचं.

पण आता त्यांचाच हात म्हातारपणाने हलायला लागला होता. दोन्ही मुलगे घरोघरी काचा बसवत हिंडायचे, तेव्हा टेबल दोघी सुनांपैकी एकीला द्यायचं ठरलं. जिचं टेबल, तिचाच शब्द दुकानात चालणार.

धाकटीच्या हातात देवाने गुण घातला होता. ती एकदाच रेघ मारायची आणि खालून टिचकी दिली की काच बिनबोभाट सुटायची. पण राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. थोरलीचा आवाज कधी चढला नाही. ती साखरेत घोळवून असं काही बोलायची की समोरचा पेटून उठावा, आणि मग स्वतः त्याच्याकडे काळजीने बघत राहायची. जिभेला हाड नसतं म्हणतात. हिच्या जिभेला धार होती आणि वरून मखमलीचं म्यान.

या घरात आल्यापासून धाकटीने काही मागितलं नव्हतं. दोनदा कूस भरली आणि दोनदा रिकामी झाली, तेव्हाही नाही. टेबल मात्र तिला हवं होतं, मनापासून हवं होतं. म्हणून ती दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली. बाईंनी शिकवलं, राग गिळू नका आणि त्याला हाकलूही नका. आला की त्याचं नाव घ्या, अंगात कुठे बसलाय ते बघा, तळवा कशातरी गार गोष्टीवर ठेवा आणि श्वास सावकाश सोडा. ती लाट असते, ओसरते. ओसरेपर्यंत बोलू मात्र नका.

धाकटी भाबडी. तिने हे सगळं जपासारखं धरलं, आणि जपासारखंच पुटपुटत करू लागली. राग येतोय, छातीत बसलाय, असं म्हणत ती गार काचेवर तळवा टेकायची. लाट खरंच ओसरायची. पण बाबांच्या कानावर त्यातला 'राग' तेवढाच पडायचा आणि ते कटर ठेवायला सांगायचे. थोरलीला आयतंच कोलीत मिळालं. रोज सकाळी गिऱ्हाइकांसमोर ती मायेने चौकशी करायची, "काय गं, आज कुठे बसलाय? छातीत की पोटात?" गिऱ्हाइकं हसायची. धाकटी फडकं घ्यायची.

शेवटी बाबांनी निकाल लावायचं ठरवलं. एका केशकर्तनालयाचा भिंतभर आरसा कापायचा होता. तो त्यांनी धाकटीपुढे ठेवला. चाक सुरळीत फिरावं म्हणून ती कटर रॉकेलात बुडवत होती, तेवढ्यात थोरली आरशाची कड धरायला आली आणि हळूच म्हणाली, "जप हं. पोटी काही टिकत नाही तुझ्या, हाती तरी टिकू दे."

बाबांनी ते ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं करत त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

धाकटीने तळवा आरशावर ठेवला. श्वास सावकाश सोडला. मग म्हणाली, "राग नाही, बाबा. दुःख आहे. गळ्यात आहे."

आणि तिने रेघ मारली. आरसा असा सुटला की कडेवरून बोट फिरवताना बाबांचे डोळे मिटले. रेघ चांगली आहे, म्हणाले. मग कटर तिच्या हातातून घेतला आणि थोरलीच्या हातात दिला.

"जिला रोज काहीतरी होतं, तिला टेबल कसं देऊ?" ते म्हणाले. "थोरलीला कधी काही होत नाही."

समुपदेशक बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी धाकटीचं कौतुक केलं. तुम्ही अगदी बरोबर केलंत, म्हणाल्या. घरी येईपर्यंत धाकटी त्या कौतुकाचा विचार करत होती. त्यानंतर तिने राग-दुःखाचं नाव कधी मोठ्याने घेतलं नाही. तिचं सगळं आतल्या आत चालायचं.

थोरली टेबलाची मालकीण झाली. हात बेताचा, पण आव पुरा. एके दिवशी फडताळाची जाड काच कापताना रेघ मध्येच पुसट उमटली, तेव्हा तिने त्या रेघेवरूनच कटर पुन्हा फिरवला. रेघेवर रेघ मारायची नाही, तडा वाट सोडून हाताकडे धावतो, हे त्या दुकानातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पकड येत नाही म्हणून थोरलीने हातमोजे काढले आणि अंगठा काचेखाली घातला.

समोर धाकटी फडकं घेऊन उभी होती. 'ताई, थांबा' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात थोरलीने मान वर केली आणि हसून विचारलं, "काय गं, आज कुठे?"

लाट उठली. ओसरेपर्यंत बोलायचं नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. धाकटीने तळवा गार काचेवर ठेवला. मनात रागाचं नाव घेतलं. तो छातीत होता, तिथे त्याला बसू दिलं. श्वास घेतला, सावकाश सोडला. पुन्हा घेतला. इतका नीट, इतका शांत श्वास तिला आजवर कधी जमला नव्हता.

काच फुटली.

डॉक्टरांनी कातडी शिवली, पण अंगठ्याची शीर गेली ती गेलीच. अंगठा वाकेना. थोरलीच्या बोटांत कंगवाही राहीना. आता रोज सकाळी धाकटीच तिचे केस विंचरते, गुंता सावकाश सोडवत, एकही केस न ओढता. थोरली आरशात तिच्याकडे बघत असते. ती आता काही विचारत नाही.

टेबल धाकटीकडे आलं, त्या पहिल्या दिवशी बाबांनी कटर रॉकेलात बुडवून स्वतः धाकटीपुढे धरला. त्यांचा हात फार हलत होता.

"राग आहे का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी शिकवल्याप्रमाणे धाकटीने आत नीट पाहिलं. छातीत पाहिलं, गळ्यात पाहिलं, पोटात पाहिलं.

"नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.