ग्रासाची हाक

वाल्तेरने चेंडू मारला तेव्हा कुस्तोदियो प्रेक्षकांकडे बघत होता. त्याच्या बायकोने वरच्या रांगेतून हाक मारली होती आणि तिला शोधत त्याने उजवा हात उंचावला होता. चेंडू नेमका त्या हाताच्या अंगठ्यावर बसला. आवाजही फारसा झाला नाही. कुस्तोदियो खाली बसला, दातांनी हातमोजा ओढून काढला आणि वाकड्या झालेल्या अंगठ्याकडे नुसता बघत राहिला.

अंतिम सामना सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता. पोर्तुगालमधल्या सेतुबालसारख्या मासेमारीच्या गावाचा क्लब युरोपच्या कपासाठी खेळणार, हे गावात अजून कुणाला पुरतं खरं वाटत नव्हतं. कुस्तोदियो या क्लबचा गोलरक्षक, आणि हा त्याचा शेवटचा सामना. तसं त्याने जाहीरच केलं होतं. वाल्तेर त्याचा राखीव. सहा मोसम तो बाकावर बसून कुस्तोदियोचा खेळ बघत आला होता.

गोलरक्षकांच्या सरावात एक साधी रीत असते. चेंडू मारण्याआधी ओरडायचं. वाल्तेर नेहमी ओरडायचा. आज ओरडला नव्हता. पाय मागे नेला तेव्हा तो उंचावलेला हात त्याला दिसला होता आणि पाय आवरता आला असता. तो आवरला नाही. का नाही, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

“हातमोजे घट्ट बांध,” मिस्टर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. प्रशिक्षकांना सगळे मिस्टरच म्हणत. “तू उतरतोयस.”

वाल्तेर उतरला आणि आयुष्यात कधी खेळला नव्हता तसा खेळला. जादा वेळेनंतरही एक-एक अशी बरोबरी राहिली. पेनल्टींमध्ये त्याने दोन चेंडू अडवले, दुसरा तर नुसत्या बोटांच्या टोकांनी. सगळे धावत येऊन त्याच्या अंगावर कोसळले. त्या ढिगाऱ्यात सगळ्यांत आधी पोहोचला होता बँडेज बांधलेला कुस्तोदियो. “शाब्बास रे, शाब्बास!” असं तो वाल्तेरच्या कानात ओरडत होता. वाल्तेरने डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, तो रडतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी उघड्या बसमधून मिरवणूक निघाली. गाव रस्त्यावर लोटलं होतं. भाजलेल्या सार्डिनचा धूर बसच्या वरच्या मजल्यापर्यंत येत होता. खाली कोळणी टोपल्या पालथ्या घालून त्यांवर उभ्या होत्या.

“सहा वर्षं बाक उबदार ठेवलास गड्या,” मधल्या फळीतला झाकिंतो ओरडला, “आता त्या बाकाला करमायचं कसं?”

सगळे हसले. वाल्तेरही हसला. हातातली बिअर त्याने अजून तोंडाला लावली नव्हती.

नगरपालिकेच्या दाराशी बस थांबली. खेळाडूंच्या घरचे तिथे दोरीच्या आत उभे होते. ग्रासा, कुस्तोदियोची बायको, पुढे आली आणि तिने वाल्तेरचे दोन्ही गाल धरून मुके घेतले.

“तू होतास म्हणून कप घरी आला,” ती म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. “नाहीतर मी घालवलाच होता.”

“तू?”

“मीच ना हाक मारली त्याला. एवढ्या वरून, वेड्यासारखी. त्याने हात केला तो माझ्यासाठी. वीस वर्षं खेळला बिचारा, आणि शेवटच्या दिवशी बायकोने बाकावर बसवलं.” तिने डोळे पुसले. “त्याला सांगू नकोस. उगाच माझी समजूत घालत बसेल.”

वाल्तेरला काही बोलायचं होतं, पण झाकिंतोने त्याला दंडाला धरून जिन्यावर ओढून नेलं.

वर दालनात सगळे सज्ज्यावर जायची वाट बघत उभे होते. कुस्तोदियो खुर्चीत बसून डाव्या हाताने बुटाची नाडी बांधायची खटपट करत होता. वाल्तेर त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने नाडी हातात घेतली.

“काल मिस्टर विचारत होते,” कुस्तोदियो हळूच म्हणाला. “मी सांगितलं, तू ओरडला होतास. मलाच ऐकू आलं नाही.”

वाल्तेरने मान वर केली नाही.

“मी ओरडलो नव्हतो.”

“माहीत आहे मला. कान शाबूत आहेत माझे.”

“मग कशाला...?”

“मग काय करू? बाहेर बघ जरा. या गावाला असा दिवस पुन्हा कधी मिळणार? आणि मीही कधीतरी राखीव होतो रे. तेव्हा माझ्या मनात काय काय यायचं, ते मला ठाऊक आहे. विषय संपला. कुणाला काही सांगायचं नाही.”

“ग्रासा म्हणते, तिची चूक झाली. तिने हाक मारली म्हणून.”

कुस्तोदियोचा चेहरा उतरला. “कधी म्हणाली?”

“आत्ता. खाली.”

“मला नाही बोलली.” तो अंगठ्यावरच्या प्लास्टरकडे बघत राहिला. तिला सांग असं तो म्हणाला नाही आणि सांगू नकोस असंही नाही.

सज्ज्याचं दार उघडलं. गर्दीचा आवाज आत घुसला. लोक वाल्तेरचं नाव घेत होते. मिस्टरनी कप त्याच्यापुढे धरला. “आधी तू जा. ते तुलाच बोलावतायत.”

वाल्तेरने कप झाकिंतोच्या हातात दिला आणि तो जिन्याकडे वळला. मागून कुणीतरी हसून म्हणालं, पोटात कळ आली वाटतं याच्या.

ग्रासा दोरीशी होती तिथेच उभी होती, मान वर करून सज्ज्याकडे बघत. वाल्तेर तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. गोंगाटात त्याला तिच्या कानाशी वाकावं लागलं.

“मला तो दिसत होता,” तो म्हणाला. “हात वर केलेला. मी ओरडलो नाही आणि थांबलोही नाही. तुझ्या हाकेचा काही संबंध नाही, ग्रासा.”

ती मागे सरली नाही. काही वेळापूर्वी ज्या हातांनी त्याचे गाल धरले होते ते तिने कोटाच्या खिशात घातले.

“त्याला माहीत आहे?”

“पहिल्यापासून.”

वर कुस्तोदियो सज्ज्यावर आला होता आणि गर्दीत कुणाला तरी शोधत होता. ग्रासाने त्याला पाहिलं. या वेळी तिने हाक मारली नाही.

“वर जा,” ती वाल्तेरकडे न बघता म्हणाली. “लोक थांबलेत.”