पाण्यातले हात

सलाईनचा थेंब आधी फुगत होता, मग क्षणभर अडखळत होता, आणि मग नळीत सुटत होता — पण सुटण्याआधीच्या त्या क्षणात त्याच्या पोटात खिडकी दिसत होती, उलटी, चिमुकली, गजांसकट. पलंगाशेजारी बसलेल्या सासूच्या नजरेनं ते लगेच टिपलं. उमेदीची सगळी वर्षं चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंगांच्या कडा घासण्यात गेलेली. गोल, पारदर्शक गोष्टीत जग उलटं दिसतं याचं तिला नवल नव्हतं. नवल होतं ते आपण इतक्या शांत कशा याचं. पलंगावर सून कुशीवर वळून कळ सोसत होती, मुलगा तिची कंबर चोळत होता — चुकीच्या जागी, पण आपण कशाला बोला, त्याची बायको सांगेल — आणि सुनेच्या मनगटात सुई होती, सुईतून औषध जात होतं. वेळेत.

सकाळी सून बाथरूमच्या दारातूनच म्हणाली होती की पाणी गेलं बहुतेक, पण कळा कुठे आहेत, पहिलटकरणीला वेळ लागतोच, तर थोडं घरीच थांबू. मुलानंही मान डोलावली. तेव्हा सासूनं चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच म्हणाली, "कळा वाटेत येतील. चपला घाला." दवाखान्यात पोचल्यावर तर बसायच्या आधीच तिनं सिस्टरला धडाधड सांगून टाकलं — तपासणीत ग्रुप बी स्ट्रेप निघालाय, पाणी गेलंय, पेनिसिलिन हिला चालतं, बाळ यायच्या आधी चारेक तास तरी औषध अंगात जायला हवं. सिस्टरनं विचारलं, तुम्ही नर्स होता का? नाही, म्हणाली, मी चष्मे करते. सिस्टर हसली. सुई-नळीचा ट्रे तिनं आधीच मांडून ठेवला होता.

त्या तपासणीचा निकाल आला त्या दिवशी मात्र सुनेचा चेहरा पार उतरला होता. कापूस लावलेली काडी फिरवून घेतलेला तो साधासा नमुना, आणि त्यात हे निघालं. डॉक्टरीणबाई शांतपणे सांगत होत्या : हा जंतू कितीतरी बायकांच्या आतड्यात, योनीमार्गात राहतो, येतो, जातो, त्यांना काही करत नाही. कुणाकडून लागलेला रोग नाही, अस्वच्छतेशी संबंध नाही. आत्ता औषध देऊन उपयोग नाही, तो पुन्हा येऊन बसतो. द्यायचं ते बाळंतपणाच्या वेळी, शिरेतून, कारण बाहेर येताना बाळाला लागला तर क्वचित फार महागात पडतं. क्वचित, पण पडतं. सुनेनं सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन तासभर अंघोळ केली. डोळे लाल करून बाहेर आली तेव्हा हिनं तिच्या हातात टॉवेल दिला आणि म्हणाली, "अगं, तो बिनभाड्याचा भाडेकरू आहे. त्याला घासून काढता येत नाही. बाळ यायच्या दिवशी दारात पोलीस उभा करायचा, की झालं." सून रडता रडता हसली. तिला वाटलं, सासूबाईंना कशाचीच भीती वाटत नाही.

कुठे वाटते मला भीती? … खरंच वाटत नाही. नवरा गेला तेव्हा दुकान बंद पडेल म्हणणारे किती होते, दुकान चालू आहे. चाकावर काच धरताना हात अजून हलत नाही. मग डॉक्टरीणबाई बोलत होत्या तेव्हा, "बाळ कण्हतं, दूध ओढत नाही, अंग तापण्याऐवजी गारही पडतं" हे त्यांनी सहज सांगितलं तेव्हा, हिनं टेबलाची कड का धरली होती? आणि तोंडाशी आलेला प्रश्न का गिळला?

कारण ती कण्हत होती. या मुलाच्याही आधीची, पहिली मुलगी. जन्मली तेव्हा चांगली गुलाबी, लागलीच दूध ओढणारी — आणि दुसऱ्या सकाळी प्रत्येक श्वासाबरोबर बारीक कण्हणं, जसं काही झोपेत कुणाशी वाद घालतेय. छातीला लावलं तर तोंड फिरवायची, पाय गार. संध्याकाळपर्यंत उरली नाही. मोठ्या जाऊबाई भेटायला आल्या त्या दारातच म्हणाल्या, शेवटच्या दिवसापर्यंत त्या गार पाण्यात हात घालून बसलीस, तो गारठा पोरीला बाधला. भिंग घासताना चाकावर पाण्याची धार सोडावी लागते, नाहीतर काच तडकते, ते पाणी. हिनं तिथल्या तिथे सुनावलं होतं : गारठा हातातून पोटात जात नसतो, वहिनी. आणि महिन्याभरात पुन्हा चाकावर जाऊन बसली. त्या उत्तराचा तिला पुढे कित्येक वर्षं अभिमान होता. फक्त… या मुलाच्या वेळी दिवस राहिल्याबरोबर तिनं रबरी हातमोजे आणले आणि बाळंत होईपर्यंत ते घालून काम केलं. हाताला भेगा पडतात म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

"आई, पाणी," सून म्हणाली. तिनं पेला तिच्या ओठांना लावला. पुढची कळ आली तशी सुनेनं नवऱ्याचा हात बाजूला करून सासूचा हात कंबरेवर ओढून घेतला, आणि हात बरोबर जागी पडला.

मध्ये औषधाचा दुसरा डोस झाला, दुपार सरली, आणि उन्हं कलताना मुलगी झाली. रडली — खणखणीत, तक्रार केल्यासारखी. बाळ चांगलं आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधही वेळेवर पोचलं; आता दोन दिवस श्वास, दूध, अंगाची ऊब यांवर लक्ष ठेवू, म्हणजे झालं. हात पुसत त्या बाहेर निघाल्या तशी ही त्यांच्यामागोमाग व्हरांड्यात गेली. आपण जातोय हे तिला दारापाशी कळलं.

"पूर्वी हे तपासत नव्हते का?" तिनं विचारलं.

पूर्वी फारसं कुणी नाही, त्या म्हणाल्या, आणि थांबल्या, कारण ही बाजूला झाली नव्हती. मग हिनं सांगितलं. थोडक्यात, चष्म्याचा नंबर सांगावा तसं. कण्हणं, दूध, गार पाय. डॉक्टरीणबाईंनी पूर्ण ऐकलं.

"तोच जंतू असू शकेल. नसूही शकेल. आता कुणालाच सांगता येणार नाही."

"माझे हात दिवसभर गार पाण्यात असायचे."

"त्यानं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे मात्र मी खात्रीनं सांगते. त्यानं नाही."

हे तर ती स्वतःच सांगत आली होती, इतकी वर्षं, इतक्या ठसक्यात. मग ते पुन्हा एकदा ऐकावंसं का वाटावं? ती परत खोलीत आली, पाळण्याशेजारी बसली. नात झोपली होती. श्वास चालू होता, नुसता श्वास, त्यात दुसरा कुठलाच आवाज नव्हता. तरी ती ऐकत राहिली. जाऊबाईंना जाऊनही दहा-बारा वर्षं झाली असतील… त्यांना आता भेटून सांगावं असं काही वाटेना. सगळं आयुष्य आपण एक भांडण जिंकत बसलो होतो, रोज नव्यानं, आणि त्या भांडणाच्या धुरळ्यात ती पोर कधी नीट दिसलीच नाही. दिसायचे ते गार पाय, गार पाणी. आणि आत्ता, काही न बोलावता, दिसलं ते जावळ — दाट, कपाळावर पुढे आलेलं. आणि नखं, इतकी वाढलेली की जन्मतःच तिनं आपल्या गालावर ओरखडा काढून घेतला होता, आणि आपण हसलो होतो. आपण तेव्हा हसलो होतो!

मुलानं जवळ येऊन विचारलं, "आई, बरं वाटत नाहीये का?"

"काही नाही रे. तुझी बहीण आठवली."

हा शब्द घरात तिनं कधी उच्चारला नव्हता. आपल्याआधी एक मूल गेलं एवढंच त्याला माहीत. तो तिच्या खुर्चीशी खाली टेकला. सूनही उशीवर मान वळवून पाहू लागली. "कशी होती?" त्यानं विचारलं.

तिला वाटलं, आता नेहमीसारखं एका वाक्यात मिटवता येईल. पण वाक्य येईना. जे येत होतं ते रांगेत नव्हतं — जावळ, ओरखडा, दूध पिताना एक डोळा उघडून पाहण्याची तिची तऱ्हा… एका दिवसाच्या माणसाचं इतकं काही आपल्यापाशी असेल हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. आणि कुठून सुरुवात करावी हे न कळण्यात एक अनोळखी, दुखरी श्रीमंती होती.