स्क्रूच्या डोक्यापाशी

मेंढ्यांच्या ट्रकवरून उडी चुकली आणि टॅन्झीचा पुढचा पाय मोडला. मेंढ्या पाळणाऱ्या रॉसची ही केल्पी जातीची, कळप हाकणारी कुत्री जेमतेम वर्षाची, हाडं अजून वाढत होती. स्टीलची पट्टी घातली असती तर ती काढायला पुन्हा ऑपरेशन करावं लागलं असतं. म्हणून बॅलरॅटच्या जनावरांच्या दवाखान्यात माझ्या मैत्रिणीनं, मेरिननं, मॅग्नेशियमची पट्टी बसवली. ती हाड जुळेपर्यंत टिकते, मग अंगातच विरघळते. नुसतं मॅग्नेशियम फार लवकर झिजतं, म्हणून त्यावर पातळ लेप देतात. तो लेप माझा, मी प्रयोगशाळेत बनवलेला. कुत्र्यात पहिल्यांदाच वापरतोय, हे आम्ही रॉसला सांगितलं होतं.

काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. "व्हासो, पोरी, हिचा पाय फुगलाय. दाबला की आत कुरकुरतंय."

मी जिलाँगहून गाडी काढली आणि मेरिनचा दवाखाना गाठला. एक्स-रेत पट्टीच्या एका टोकाला काळे फुगे दिसत होते. धातू झिजताना निघालेला वायू कातडीखाली साठला होता.

"तुझा लेप चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा गेला," मेरिन म्हणाली.

"आणि तुझा हात? पत्रे ठोकतेस की हाडं?"

"भांडण नंतर करा गं," रॉस कुत्रीचं डोकं धरून म्हणाला. "हिचं काय करायचं ते बोला."

मला ती पट्टी त्याच क्षणी काढून टाकायची होती. शरमेपोटी, हे मला कळत होतं. मेरिन म्हणाली, "अर्धवट जुळलेलं हाड उघडलं तर पुन्हा मोडेल." तिनं सुईनं वायू काढला आणि बाहेरून आधार बांधला.

पुढच्या आठवड्यात मी खाटकाकडून मेंढीची हाडं आणि माझ्या पट्ट्या घेऊन तिच्याकडे गेले. तिचा हातच जड, हे दाखवून द्यायचं होतं. स्क्रू मीच पिळले, अगदी जपून. मग भिंगाखाली पट्टी धरली. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापाशी लेप खरवडून चकचकीत कडं उमटलं होतं.

मेरिननं भिंग माझ्याकडे सरकवलं. "आता बोल, बाई."

दोष तिच्या हाताचा नव्हता. प्रयोगशाळेत लेप तपासला तो सपाट तुकड्यांवर, खारट पाण्यात बुडवून. मेंढ्यांच्या हाडांत घातल्या होत्या नुसत्या खुंट्या. लेप दिलेल्या पट्टीत स्क्रू पिळून कोणी पाहिलाच नव्हता. त्यानंतर भोकांच्या कडांना लवचिक लेप दिला, स्क्रूंनाही दिला, आणि चाचणीआधी प्रत्येक पट्टी मेरिनच्या हातून पिळून घेतली.

टॅन्झीचं हाड जुळलं, पण किंचित वाकडं. पट्टी पूर्ण विरघळल्यावर मी रॉसच्या शेतावर गेले. टॅन्झी धावत होती, पण दाटीतला कळप हलवायला केल्पी मेंढ्यांच्या पाठीवर चढतात, तशी मात्र चढत नव्हती.

"रागावलायत का माझ्यावर?"

"थोडा आहे राग," रॉस म्हणाला. "चांगली कामाची होणार होती ती." त्यानं फाटक उघडलं. "ये आत. किटली ठेवलीय."